बाबांच्या सहीने

दादा,

बारा वर्षांची मोहीम संपली आणि समुद्रापारची शेवटची तुकडी बंदरावर उतरली, हे बातम्यांत पाहिलं. काल तू बाबांच्या शिलाईच्या दुकानापर्यंत आलास आणि घरी न येताच परत फिरलास, हे तिथल्या नव्या शिंप्याने सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी उस्तादांची, म्हणजे आपल्या बाबांची, चौकशी केली. मी म्हटलं, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. तर मटकन पायरीवरच बसले."

चार वर्षं बाबांची पत्रं मीच लिहीत होते. तू आघाडीवर, तुला कळवायचा धीर झाला नाही. एकदा खोटं लिहिलं, मग थांबताच येईना.

पण खरं सांग, तुला कधीच संशय आला नाही? बाबांनी जन्मात दोन ओळींच्या वर पत्र लिहिलं नव्हतं आणि मी पानंच्या पानं भरत होते! तिथल्या नर्सशी लग्न करू का, असं तू विचारलंस, तेव्हा बाबांनी आकाशपाताळ एक केलं असतं. मी त्यांच्या सहीने "खुशाल कर" लिहून टाकलं.

शिंपी म्हणाला, एका बाईने तुला हात धरून उठवलं. कशी आहे रे ती? आपली भाषा येते का तिला?

तू दुकानात बंदराजवळच्या लॉजचा पत्ता ठेवून गेलास. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, सकाळच्या गाडीने मीच ते घेऊन येते. रागाने तू दार उघडलं नाहीस, तर वहिनीला हाक मारीन. हो म्हणणारी मी होते, एवढं तिला तरी कळू दे.

तुझी,
धाकटी