तोंडात तेल

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांची आयुर्वेदिक दिनचर्या सुरू झाल्यापासून मला काहीतरी खटकतंय. रात्रीचं हलकं जेवण शेंगाचटणीपुढं टिकलं नाही, अंगाला तेल लावणंही सुटलं. तिळाच्या तेलाची गुळणी तेवढी राहिली. मी चहा ठेवला की हे तोंडात तेल घेऊन, गाल फुगवून बसतात. नेमकं तेव्हाच का? करमाळ्याहून माझ्या आईला आपल्याकडं आणूया, हा विषय मी चहालाच काढते. पूर्वी "बघू की" तरी म्हणायचे. आता नुसतं गालाकडं बोट.

उगाच संशय घेतेय का मी? वैद्यांनीच सांगितलंय म्हणे. मग आज वैरागहून धाकट्या भावजींचा फोन आला तेव्हा काय झालं? पचकन तेल थुंकले आणि म्हणाले, "व्हय व्हय, ये की! ऱ्हा चांगला महिनाभर!" फोन ठेवला, आणि लगेच पुन्हा तोंडात तेल. माझ्याकडं बघत.

ठीक आहे. उद्या गाल फुगले की सांगणार, मी आईला आणायला निघाले. नाही म्हणायचं तर आधी थुंकावं लागेल, आणि बेसिनसमोर मी उभी असेन.