पाचवी गाळणी

तीर्थस्वरूप ताईस,

पत्रातूनच साष्टांग नमस्कार (प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणूस लागतो). तुझी सर्दी आणि भावोजींचा स्वभाव, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे.

इकडे माझ्यावर घोर अन्याय चालू आहे. घरात पाच गाळण्या झाल्या असून चहा कुठल्या गाळणीने गाळायचा हे ठरेपर्यंत तो निवतो. शिवाय कुत्र्याचा पट्टा (कुत्रा नाही) आणि तान्ह्या बाळाचं टोपडं (बाळही नाही, पण शेजारीण आता हिच्याकडे निरखून बघते). ही सगळी आपल्या तीर्थरूपांची, म्हणजे अण्णांची, खरेदी. शेवटी एका संध्याकाळी मी गुपचूप त्यांच्या मागे गेलो.

कोपऱ्यापर्यंत ते शाळेच्या मैदानावर चालायचे तसेच चालले, छाती पुढे. भांड्यांच्या दुकानाशी थांबले, काचेत बघत पोटरी हळूच चोळू लागले. तेवढ्यात दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "या सर, काय दाखवू?" झालं, शरमेपोटी गाळणी. उभी हयात कवायत शिकवलेला, एकाही मुलाला मध्येच थांबू न दिलेला माणूस पाय दुखतो म्हणून थांबलो, हे सांगणार कुठल्या तोंडाने?

ओढूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, चालताना पोटरीला रक्त पुरत नाही. अण्णा म्हणाले, "म्हणजे आता बसून राहायचं."

"बसलात तर पाय आणखी बिघडेल. दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं ओसरलं की पुन्हा चाला. गोळ्या रोज, आणि तंबाखू आजपासून बंद."

ज्या थांबण्याबद्दल त्यांनी पोरांना जादा फेऱ्या मारायला लावल्या, तेच आता त्यांना औषध म्हणून मिळालं. तंबाखूची डबी त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली (उठताना परत खिशात घातली, मी खाकरल्यावर पुन्हा ठेवली). पायाला बारीकशी जखम झाली तरी ती चिघळू शकते, म्हणून रोज पाय तपासायचे आहेत. मला ते तळपाय दाखवत नाहीत. जमिनीवर आरसा ठेवून स्वतःच तपासणी घेतात, आणि नखं वाढलेली दिसली की स्वतःलाच रागावतात.

तुझा धाकटा

ता. क. अण्णांचे पाय दुखतात एवढंच फोनवर ऐकून तू पाठवणार आहेस ती चाकांची खुर्ची पाठवू नकोस. खरं तर पत्र एवढ्यासाठीच. तुझा शब्द ते मोडणार नाहीत. खुर्ची आली की बसतील, आणि बसले की संपलं. फोनवर "पाय कसे आहेत" विचारू नकोस, "आज कुठवर गेला होतात" विचार.

आणखी एक. एकाही मुलाला थांबू दिलं नाही, असं वर लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. धावताना मला धाप लागली की अण्णा शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवायचे आणि माझ्या बुटाची लेस बांधायला खाली बसायचे. ती सुटलेली नसायची. हल्ली मी रोज त्यांच्याबरोबर जातो. त्यांचं पाऊल आखडलं की म्हणतो, "अण्णा, थांबा जरा, लेस सुटली," आणि वाकतो. ते माझ्या खांद्यावर हात टेकतात आणि म्हणतात, "बांध सावकाश."

माझ्या पायात चपला असतात.