काटा थांबत नाही

ब्राह्मणपारा, रायपूर
१८ जानेवारी २०२४

ती. गोदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण ऋता सारखी आसपास असते आणि हे तिच्या कानी जायला नको. वसंत पंचमीला तिचा साखरपुडा. विहंग समता कॉलोनीतला, दातांचा डॉक्टर, माणसं चांगली. मीच पसंत केलेला मुलगा. पण गेल्या आठवड्यात आजोबांचा सोन्याच्या मोहरा तोलायचा तो छोटा तराजू पेटीतून काढला. आपल्याकडे बापानं गोंडा चिमटीत धरून लेकीची मोहर सगळ्यांसमोर तोलायची, काटा मधोमध थांबला की तिच्या ओंजळीत घालायची. तुझ्या वेळी बाबांच्या हातात तो लगेच थांबला होता.

मी रोज धरून पाहतो. थांबतच नाही. ताई, माझं मन उठलंय. हा अपशकुन तर नाही? समता कॉलोनीत चकरा मारून त्या पोरात खोट शोधतो. सापडत नाही, तर जास्तच धास्ती वाटते. सोयरीक मोडावी का? माया म्हणते, तुम्ही एका जागी बसा, मला गरगरतं.

गुडघे सांभाळ. लोभ आहेच, उत्तरही असू दे.
तुझा अच्युत

नागपूर, २४ जानेवारी

चि. अच्युत यास,
अ. उ. आ.

लेक सासरी निघाली म्हणून बापानं काढलेली ही नवी युक्ती दिसते. ती शिकायला भिलाईला निघाली तेव्हाही तुलाच ताप चढला होता. जुनी वस्तू आहे, दांडी वाकली असेल. माझी श्रावणी कामासाठी रायपूरला येते आहे, तिच्याजवळ पेटी आणि मोहर दे. इतवारीत सोनाराकडून दुरुस्त करून घेते. तोवर व्याह्यांकडे एक अक्षर काढायचं नाही, माझी शपथ आहे.

आणि अक्षर इतकं बारीक काहून काढतोस? भिंग घेऊन वाचलं. कागद महाग झाला का तुमच्याकडे?

माया, ऋताला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे, तो उतू जाऊ देऊ नकोस.
गोदाताई

नागपूर, २ फेब्रुवारी

चि. अच्युत यास,
अ. उ. आ.

इतवारीत जावं लागलं नाही. मी तराजू धरला, मोहर ठेवली, वजन ठेवलं. काटा थांबला. श्रावणीनं धरला, तरी थांबला. मग तुझी जुनी पत्रं काढली. दिवाळीपासून अक्षर लहान लहान होत आलंय. श्रावणी म्हणाली, मामा आता कप दोन्ही हातांनी धरतात.

अच्युत, तराजूत खोट नाही आणि विहंगातही नाही. हात तुझा थरथरतो. हे लिहिताना मी रडले. मेंदूच्या डॉक्टरला दाखव, साखरपुडा होऊ दे मग बघू, असं म्हणू नकोस. मोहर मायानं दिली तरी कोणी नावं ठेवणार नाही. पेटी श्रावणी परत आणते आहे.

रागाव हवं तर, पण जा. राग ओसरल्यावर लोभ ठेव.
गोदाताई

ब्राह्मणपारा, १५ फेब्रुवारी

ती. गोदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो, मग गेलो. डॉक्टरांनी बोटं आपटायला लावली, चालवून पाहिलं आणि पार्किन्सन म्हणाले. पूर्ण बरं होत नाही, गोळ्यांनी हात थोडा आवरतो. साखरपुड्याआधी ऋताला सांगायचा धीर झाला नाही.

तू गुडघ्यांमुळे आली नाहीस, म्हणून कालचं लिहितो. मोहर मायानं द्यायची ठरली होती. ऐन वेळी मीच पेटी ओढली. काटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. विहंगचे वडील खाली पाहू लागले. उठून पळावंसं वाटत होतं. मग म्हणालो, "काटा थांबायची वाट नका पाहू. हात माझा हलून राहिला, सोनं पुरं आहे." आणि मोहर पोरीच्या ओंजळीत घातली.

हे पत्र तीच लिहून घेते आहे. तुझी पत्रं तिनं वाचली. मी विहंगात खोट शोधत हिंडलो म्हणून माझ्यावर चिडली आहे, सकाळपासून बोलत नाही, पण लिहिते आहे. लग्नानंतर माझी पत्रं कोण लिहील, असं मी आत्ता विचारलं. समता कॉलोनी काही परदेशात नाही, असं ती म्हणाली, आणि तेही तिनं इथे लिहून टाकलं.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा अच्युत
(अक्षर ऋताचं)