दोन्ही याद्यांमधली सही

नाशिक,
शनिवार, ता. ८ फेब्रुवारी

चि. चैताली,

वाल्मीक सरांचे आशीर्वाद. तू ते ठेवून घेशील की परत पाठवशील माहीत नाही, पण पत्राची सुरुवात दुसऱ्या कशाने करायची हे मला येत नाही. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपांपुढे दीड वर्ष एकच टिक दिसते आहे. म्हटलं, पोस्टमनला कुणी ब्लॉक केल्याचं अजून ऐकलं नाही. कागद शाळेच्या उत्तरपत्रिकांचे आहेत, रिटायर होताना एक गठ्ठा उचलून आणला होता. वरचं परीक्षा क्रमांक, विषय वगैरे तेवढं सोडून दे.

आम्ही बरे आहोत. छायाकाकूला बीपीची गोळी सुरू झाली आणि ती माझ्यामुळेच झाली असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. परवा निफाडला आपल्या शाळेत जाऊन आलो. थंडी इतकी की द्राक्षबागांत लोक पहाटे शेकोट्या पेटवतायत. आपला रस्सीखेचीचा दोर आता गॅदरिंगच्या मंडपाला बांधतात. नवीन सर म्हणाले, "सर, खेळायला कुणी मागत नाही, पडूनच होता." तू शेवटच्या जागेवर, अँकरला, जे टोक अंगाभोवती घ्यायचीस ते अजून तुझ्या घामाने काळं आहे. ते मात्र त्यांनी खांबाला गुंडाळलं होतं.

अंबडच्या कारखान्यात तुझी शिफ्ट बदलली असं कळलं. पॅनेल जोडायच्या लाइनवर आठ तास उभं राहायचं म्हणजे पोटऱ्या भरून येत असतील. झोपण्याआधी दहा मिनिटं पाय भिंतीला वर लावत जा. हे तुला मीच शिकवलंय, तरी परत सांगतोय, म्हातारा झालो.

बरं, मुद्दा. मागच्या आठवड्यात तुझी आई घरी आली होती. पिशवीत पाच किलो द्राक्षं. नवसाबाई खाली बसेनात, दारातच उभं राहून बोलल्या, "सर, पोलीस भरतीचा फारम निघालाय. वयाचं बघता पोरीची ही शेवटचीच. ती खेळाडूच्या कोट्यातनंच भरते म्हणती. तुम्ही दिल्लीला जाऊन आले म्हणत्यात. यंदा तरी तिचं सर्टिफिकेट चालंल ना?" मी म्हणालो, बघतो. आयुष्यभर मी हा एक शब्द फार वापरला. त्या गेल्यावर छायाकाकूने द्राक्षं धुऊन पुढ्यात ठेवली, ती मला गिळवेनात.

तर ऐक. खेळाडू कोट्यातून फॉर्म भरू नकोस. बाकीच्या मुलींसारखा साधा फॉर्म भर. अठ्ठावीस फेब्रुवारी ही शेवटची तारीख आहे. पत्र फाडायचंच असेल तर एवढं वाचून मग फाड.

आता का, ते सांगतो. सरकार खेळांना पैसा देतं ते पंगतीत वाढल्यासारखं, हे तू माझ्याकडून हजारदा ऐकलंयस. ऑलिंपिकची पदकं आणणारे खेळ पहिल्या पंगतीला, आशियाई स्पर्धांवाले दुसऱ्या, आणि आपण रस्सीखेचवाले हात धुऊन मांडवाच्या दाराशी. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ते राहू दे. उरलंसुरलं मिळायलासुद्धा एक अट असते. एका खेळाची एकच राष्ट्रीय संघटना, आणि तिला सरकारची मान्यता. मान्यता असली तर शिबिराला, प्रवासाला पैसा येतो, आणि त्या संघटनेच्या प्रमाणपत्राला नोकरीत किंमत असते. मान्यता गेली की दोन्ही गेलं. आपल्या संघटनेचे दोन गट पडले, दोघे म्हणाले खरे आम्हीच, सरकारने दोघांनाही बाहेर उभं केलं. नेमकं त्याच वर्षी तू राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक आणलंस. म्हणून मागच्या भरतीला यादीत नाव लागूनही प्रमाणपत्राच्या पडताळणीत तू बाहेर पडलीस.

इथवर तुला ठाऊक आहे. त्या कार्यालयाच्या जिन्यात तू बसून रडत होतीस आणि मी वर उभा राहून 'दिल्लीवाल्यांनी वाटोळं केलं' म्हणून ओरडत होतो. शिपाई आपल्याला पाणी देऊन गेला.

छायाकाकू जेवायला हाका मारते आहे. बाकीचं जेवून लिहितो.

रविवार सकाळ

जेवून लिहिलं नाही. टीव्हीवर कुठली तरी जुनी क्रिकेटची मॅच होती, ती शेवटपर्यंत बघितली. क्रिकेट मला आवडत नाही हे तुला माहीत आहे.

दिल्लीला मी जानेवारीत गेलो होतो. क्रीडा खात्यात एक तरुण बाबू भेटला, तुझ्याच वयाचा. मी अर्धा किलो मनुके नेले होते, ते त्याने हात जोडून परत केले, चहा मात्र स्वतःच्या पैशाने पाजला. मी माझं भाषण सुरू केलं. गरिबाच्या पोरी, नऊ वर्षांची मेहनत, सगळं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "सर, पैसा तो रखा था. दो साल रखा था. देते किसको?" मार्चअखेर जवळ आली की पडलेला पैसा दुसऱ्या खेळाकडे वळवतात, नाही तर पुढच्या वर्षी खात्यालाच कमी मिळतो, म्हणाला. त्याचं चुकत होतं असं मला काही म्हणता येईना.

मग त्याने फाइल उघडली आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक शिर्डीच्या सभेचं हजेरीपत्रक, अध्यक्षांच्या गटाचं. एक इंदूरच्या सभेचं, सेक्रेटरींच्या गटाचं. "ग्यारह नाम दोनों तरफ़ हैं. बहुमत किसका मानें?" मी चष्मा लावून खाली वाकलो. महाराष्ट्राच्या ओळीत दोन्हीकडे एकच नाव होतं. खाली दोन रेघा मारायची सवय कुणाची आहे ते तुझ्या प्रगतिपुस्तकांवर बघ.

चैताली, त्या दोन्ही सह्या माझ्या आहेत.

लहानपणी आमच्या गल्लीत झिपरू आणि सहादू या भावांची वाटण्या होऊन बोलचाल बंद झाली. पुढे दोघांनी मुद्दाम एकाच दिवशी सत्यनारायण घातला. माझे वडील झिपरूकडे पोटभर जेवले, धोतर सैल केलं आणि सहादूकडे जाऊन परत पानावर बसले. मला म्हणाले, "भांडण त्यांचं हाय. आपुन दोन्ही घरचा मान ठेवायचा." आमच्याकडे हे असंच चालतं. मी तेच केलं. राज्याचा प्रतिनिधी म्हणून शिर्डीला बोलावणं आलं, गेलो. तीन आठवड्यांनी इंदूरचं आलं, तिथेही गेलो. हजेरीचा कागद फिरत आला, सही करून पुढे सरकवला. त्या सहीला मत धरतील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

थांब. हेही पुरतं खरं नाही. इंदूरच्या गाडीत बसताना मला थोडं थोडं कळत होतं. दोन्ही गटांकडे मी एकच मागणं केलं होतं, की आशियाई रस्सीखेच स्पर्धेच्या शिबिरात माझ्या चैतालीचं नाव पाहिजे. दोघेही हो हो म्हणाले. मला वाटलं, कुणीही जिंको, आपली पोर आत. एवढा शहाणपणा केला आणि तोच अंगाशी आला. शिबिराला पैसाच आला नाही, शिबिर झालंच नाही.

याच्या पुढचं लिहायला मला कालची रात्र मध्ये जाऊ द्यावी लागली.

तू भरतीचं मैदान मारलंस त्याच महिन्यात मला दिल्लीहून नोटीस आली होती. दोन्हीकडे सह्या करणाऱ्या अकराही जणांना आली होती. तीस दिवसांत लेखी कळवा, तुम्ही खरे कोणाचे. मी ती दोनदा वाचली. एकाला हो म्हणावं तर दुसरा दुखावणार, आणि खरं सांगावं तर सगळ्या जिल्ह्यात छी-थू होणार, की बोराडे सर दोन्ही दगडांवर पाय ठेवून होते. पाकीट शिट्ट्यांच्या डब्यात टाकलं. तीस दिवस गेले. नंतर, त्या कार्यालयातून परत आल्यावर काही दिवसांनी, तू घरी आलीस आणि म्हणालीस, "सर, पडताळणीच्या साहेबांसमोर येऊन फक्त दोन ओळी लिहून द्या, स्पर्धा खरी झाली होती म्हणून." तेव्हा मी गुडघ्याचं सांगितलं. गुडघा दुखत होता, पण मला चालता येत होतं. साहेब आधी संघटनेचं विचारतील, मग माझ्या सह्या निघतील, एवढीच भीती होती. तुला वाटलं, सर आळशी आहेत, उपयोग संपला म्हणून हात झटकतायत. जाताना तू चपला हातात घेऊनच आमचा जिना उतरलीस. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. तू तेवढ्यावरच थांबली होतीस, सह्यांपर्यंत पोचली नव्हतीस.

आता मी स्टॅम्पपेपरवर सगळं लिहून दिलंय. इंदूरची सही चुकीची, शिर्डीची तेवढी धरा. बाबूने शिक्का मारून घेतलं आणि म्हणाला, आणखी लोकांचं असं आलं तर मान्यता परत मिळू शकेल, पण मिळेल त्या दिवसापासून पुढे. "पीछे का नहीं होता, सर." तुझं पदक मागचं आहे. मी विचारलं, नोटिशीला तेव्हाच उत्तर दिलं असतं तर? अकरातल्या चौघांनी दिलं होतं, सात गप्प राहिले, म्हणाला. "आप भी लिख देते तो शायद..." एवढं म्हणून त्याने फाइल बंद केली. मीही खोदून विचारलं नाही. घरी येईपर्यंत गाडीत सगळ्या रस्त्याने ते वाक्य मी पुरं करत होतो आणि ते दर वेळी वेगळं पुरं होत होतं.

म्हणून म्हणतो, कोट्याच्या नादी लागू नकोस. आईला आशा आहे, तुलाही असेल. पण कोट्यातून भरलंस तर परत तोच जिना आहे.

साधा फॉर्म म्हणजे बाकीच्या पोरींबरोबर आठशे मीटर. माझ्याकडे आलीस तेव्हा अठ्ठावन्न किलोची होतीस, शाळेत तुझ्यापुढे कुणी पळत नव्हतं. मला अँकर पाहिजे होता. मीच तुला शेंगदाणे, केळी, वर आईच्या बाजरीच्या भाकरी खायला लावून शहात्तरवर नेलं. पोरी हसायच्या तर मी त्यांच्यावर शिट्टी फुंकायचो. नऊ वर्षं तुला एकच शिकवलं, टाच रोव आणि जागची हलू नकोस. आता तुला म्हणतोय, पळ. गोळाफेकीत तुला तोड नाही, तिथे पुरे मार्क घे. पळण्याचं मैदानी चाचणीपर्यंत किती होईल ते मी तुला सांगू शकत नाही. खोटा धीर द्यायचा नाही असं ठरवून बसलोय.

मला माफ कर असं लिहून दोनदा खोडलंय, खाडाखोड दिसेलच. माफी मागितली की तुझ्यावर आणखी एक काम येतं, द्यायची की नाही त्याचं. ते नको.

सोबत ते पाकीट आहे, दिल्लीची नोटीस आत आहे. मी दिलेल्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्सही आहे. कुणाला दाखवायचं असेल तर दाखव. शाळेच्या ग्रुपवर टाक, पेपरात दे, मी नाही म्हणणार नाही. आईला मात्र तू सांगू नकोस. ते मी निफाडला जाऊन त्यांच्या तोंडावर सांगणार आहे. द्राक्षांची रिकामी पिशवीही द्यायची आहे.

फॉर्म भरलास की आईला फक्त 'भरला' एवढं म्हण. माझं नाव काढू नकोस. त्या मला सांगतील.

खाली सही करतोय. या पत्राची दुसरी प्रत नाही.

तुझा, सर म्हणवून घ्यायची आता लाज वाटणारा,
वाल्मीक बोराडे