भर ऑगस्टातला हीटर

४ ऑगस्ट, सोमवार

अम्माने आज पुन्हा तिकिटाचा विषय काढला. ताटावरून उठता उठता. "बदरू, माझं जायचं बघ. हाडांत थंडी शिरली माझ्या."

बाहेर त्रेचाळीस. शारजातल्या या रोल्ला भागात माणसं सावली बघून चालतायत आणि माझ्या घरात अम्मा दोन गोधड्या घेऊन बसलीय. पायांत लोकरी मोजे. बिल्डिंग चिलर-फ्री — म्हणजे गारवा भाड्यातच, वेगळं बिल नाही. त्यामुळे इथे कुणीच एसी बंद करत नाही. फुकटचं कोण बंद करतं? त्यात अख्ख्या फ्लॅटला थर्मोस्टॅट एकच, हॉलमध्ये. तो एकवीसवर. त्याच्या वर गेला की मला झोप लागत नाही, हा मुद्दा या घरात बारा वर्षांपूर्वीच निकालात निघालाय.

सायरा म्हणाली, "अम्मांच्या खोलीतली ती वरची जाळी कापडाने बंद करा ना." बायकोला समजावलं — डक्टमधला दाब बिघडतो, जाळीला घाम येतो, छतातून पाणी ठिबकतं. एअर बॅलन्सिंग हा शब्द तीनदा सांगितला. "बरं," म्हणाली. तिचं हे 'बरं' मला आवडत नाही.

अब्बा मार्चमध्ये गेले. मी दफनाला पोहोचलो नाही. बाणकोटच्या घरात आता अम्मा एकटी. तिचा व्हिजिट व्हिसा सहा सप्टेंबरपर्यंत. त्याआधी "राहते" म्हणाली तर रेसिडेन्सीचे कागद घालायचे, नाहीतर विमानतळ. आणि ती फक्त थंडी थंडी करते. म्हणजे प्रश्न थंडीचा. थंडी ही टेक्निकल गोष्ट आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

अम्माची खोली: एकोणीस पॉइंट आठ. पलंगावर, उशीपाशी मोजलं. तिला म्हटलं, तुझं खरं आहे. म्हणाली, "ते यंत्राने सांगायला हवं होतं?"

७ ऑगस्ट, गुरुवार

सापडला! इंडस्ट्रियल एरियात, जुन्या सामानाच्या दुकानात. बेसबोर्ड हीटर. भिंतीच्या तळाशी, फरशीलगत बसवायचा लांबट पत्र्याचा प्रकार. पंखा नाही, आवाज नाही. कुणी कॅनडाहून येताना घेऊन आला असणार, आणि इथे विमानाचं दार उघडल्यावर त्याला कळलं असणार. खोकाही फोडलेला नाही.

दुकानदार पठाण. पैसे घेताना मला नीट न्याहाळून म्हणाला, "हबीबी, तबियत ठीक है ना?"

मॅन्युअल इंग्रजी आणि फ्रेंच. इंग्रजी दोनदा वाचलं. फ्रेंचमधली चित्रं ताडून पाहिली, तीच आहेत. २४० व्होल्टला हजार वॅट. आपल्याकडे २३०, म्हणजे ९१८. हॉटेलच्या मेंटेनन्सला हेल्पर म्हणून लागलो तेव्हा मी टेस्टर उलटा धरला होता. ना आयटीआय, ना डिप्लोमा. आज चार डिप्लोमावाले माझ्या हाताखाली आहेत. त्यांना ९१८ तोंडी काढायला सांगितलं. एकालाही जमलं नाही.

लेक नबिला, मोबाइलमधून मान वर न करता: "अब्बा, इट्स ऑगस्ट." मग थोड्या वेळाने: "लिटरली नोबडी डझ धिस."

म्हटलं, म्हणूनच.

१० ऑगस्ट, रविवार

पूर्ण दिवस. हात दुखतायत, तरी लिहितो, कारण असल्या कामाची नोंद राहिली पाहिजे.

मॅन्युअल म्हणतं, हीटर खिडकीखाली लावा, थंडी तिथून येते. कॅनडात येत असेल! आमच्या खिडकीतून भट्टी येते. असं मॅन्युअल डोळे झाकून पाळणारे असतात, त्यांनाच डिप्लोमा मिळतो. आमची थंडी येते एसीच्या जाळीतून, म्हणून जाळीच्या भिंतीला लावायचं ठरवलं. वर सॉकेट नको, कारण वायर लोंबून पत्र्याला टेकते. पडदा लांब. पलंग, कपाट, काहीही समोर तीस सेंटिमीटरच्या आत नको. हीटरचा थर्मोस्टॅट समोरच्या भिंतीवर, थंड झोत लागणार नाही असा. मेन बंद, टेस्टरने दोनदा खात्री, स्वतंत्र वायर, स्वतंत्र ब्रेकर.

चार भोकं पाडली. पलंग सरकवून तीस सेंटिमीटर मोजले. फक्कड. तेवढ्यात अम्मा दारातून म्हणाली, "पाय किबल्याकडे करून झोपवतोस मला?"

पलंग एवढा हीटरपासून लांब घेतला की पायथा बरोबर काब्याच्या दिशेला. मॅन्युअलमध्ये किबला नाही. इंग्रजीतही नाही, फ्रेंचमध्येही नाही. पलंग फिरवला तर उशी हीटरला टेकते. शेवटी हीटरच ऐंशी सेंटिमीटर डावीकडे. नवी चार भोकं, जुन्यांत पुट्टी. सायराने मागून झाडू मारला, जरा जोरातच. तेही मी ऐकलं.

पाच वाजता चालू केला. पहिल्यांदा धूळ जळते, थोडा वास येतो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, पान सहा. अम्माने ओढणी नाकाला लावली, ओठ हलत होते. मग विचारलं, "हे बंद कुठून करायचं?"

तिला पॅसेजमधल्या ब्रेकरच्या पेटीपाशी नेलं. सगळ्यात उजवीकडचा, खटका खाली केला की बंद. तिने माझ्यासमोर दोनदा करून पाहिलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिकायची ही हौस! माझ्यात कुठून आली, ते आज कळलं.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी आठला चोवीस. तिच्या खोलीतला आकडा हॉलमध्ये दिसतो, तसलं छोटं यंत्र लावलंय — सारखं दार वाजवायला नको.

"झोप लागली?"

"लागली. चांगली ऊब आहे हो."

१३ ऑगस्ट, बुधवार

चोवीस. हात लावून पाहिला तर पत्रा गार. यालाच नियंत्रण म्हणतात. चोवीसला पोहोचला की आपोआप बंद. घरातल्या बाकीच्यांनी शिकण्यासारखं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

चोवीस. मोजे काढले अम्माने.

सायराची हिरवी ओढणी सापडत नाही. मी विचारलं, कुठली? नबिला म्हणाली, "नेव्हर माइंड, अब्बा."

१७ ऑगस्ट, रविवार

वरच्या मजल्यावरचा अक्रम आला होता. आमच्या बाणकोटचाच. हीटर बघून खाली फरशीवरच बसला, हसून हसून. "बदरू, तू एसीला हीटरने तापवतोस? मग हीटर थंड करायला काय आणणार?"

त्याला क्लिअरन्स, म्हणजे भोवतीची मोकळी जागा, दाखवला, स्केल लावून. हसणं थांबलं. मग अम्माला विचारलं, "काय चाची, खरंच ऊब लागते?"

अम्माने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या बदरूने केलंय. लागणारच."

२४ ऑगस्ट, रविवार

विजेचं बिल आलं. युनिट जवळजवळ जुलैएवढेच. चौदा दिवस हीटर चालूनसुद्धा! जागा अचूक निवडली की यंत्राला फार राबावं लागत नाही. अक्रमला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

चहा पिताना अम्मा म्हणाली, "ते कागद काय करायचे ते कर."

"कुठले?"

"राहायचे."

मी बशी खाली ठेवली. विचारलं, थंडी? म्हणाली, "एवढ्या भिंती फोडल्यास माझ्यासाठी. आता जाऊ कशी?"

सायरा आत गेली. डोळे पुसत असावी. मी टायपिंग सेंटरला निघालो, रेसिडेन्सीचा अर्ज भरायला. वाटेत लक्षात आलं, चप्पल घरातलीच घातलीय.

३१ ऑगस्ट, रविवार

हीटरच्या ब्रेकरवर हाताने लिहिलेली पट्टी होती. ऑफिसातून छापील लेबल आणलं, ते लावायला पेटी उघडली. सगळ्यात उजवीकडचा खटका खाली. त्याच्या डोक्यावर धूळ, बोट न लागलेली.

खोलीत गेलो. अम्मा नमाजला बसली होती, पाठमोरी. वर पाहिलं. जाळीच्या फटींतून हिरवं कापड दिसत होतं, चारी कडांनी नीट खोचलेलं. तिचा हात तिथवर पोहोचत नाही. सायराचाही नाही. नबिलाचा पोहोचतो. छताला पाण्याचा एक डाग नाही.

लेबल सरळ लावलं. पेटी बंद केली.

तापमान चोवीस. हीटर उत्तम चालतोय.