डावीकडे गर्दी नव्हती

३ जून, मंगळवार
रेवाची शाळा उघडली. संकल्प: नातीला रोज स्कूटरवरून मीच सोडणार. बायकोचा, विद्युलतेचा, हट्ट: आधी डोळे तपासा, मगच पोर मागे बसेल. कारण काय, तर इस्त्रीवाल्या सुब्बाच्या हातगाडीला माझा आरसा लागला. गाडी अचानक आडवी आली. आपण नुंगंबाक्कमला राहायला आल्यापासून ती तिथेच उभी आहे, असं बायकोचं म्हणणं.
ताटात चटणी नव्हती. हिचा राग नेहमी स्वयंपाकातून निघतो.

५ जून, गुरुवार
सराव म्हणून टी. नगरच्या बाजारात चक्कर. डावीकडे अजिबात गर्दी नव्हती. लोक उगाच टी. नगरला नावं ठेवतात. हॉर्न मात्र फार वाजवतात.
आता कोशिंबीरही बंद. मी बोललो नाही.

७ जून, शनिवार, दुपार
डोळ्यांच्या टेस्टचा अभ्यास केला. यूट्यूबवर कळलं, की माणसाला स्वच्छ दिसतं ते फक्त मधलं, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढं. मेंदू त्या नखालाच ऐसपैस जागा देतो. कडेचं थोडक्यात भागवतो, उरलेलं अंदाजानं भरतो. माझा मेंदू जन्मभर रेल्वेच्या अकाउंट्समध्ये होता. अंदाज हा त्याच्या हातचा मळ. पास होणार.

९ जून, सोमवार
टेस्ट झाली. पांढऱ्या घमेल्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी ताल पकडला. डॉ. रम्या म्हणाल्या, सार, दिवा लागायच्या आधीच दाबताय. मी थँक्यू म्हणालो. परत करायला लावली.
रिपोर्टात डावी बाजू काळी. प्रिंटर बघून घ्या म्हणालो. डोळे उत्तम आहेत, हे डॉक्टर स्वतः म्हणाल्या. पुढचं मी ऐकलं नाही. ही ऐकत होती.

१२ जून, गुरुवार
स्कॅन. मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे, छोटा झटका येऊन गेलाय म्हणे. मला न कळवता. डावीकडचं तिथे उमटत नाही आणि मेंदू ती उणीव कळूही देत नाही. मी विचारलं, माझं मलाच कळत नाही तर तुम्हाला कसं कळलं? डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिलं.
संकल्प कायम. सोमवारपासून स्कूटर.

१५ जून, रविवार
रुचाचा, आमच्या लेकीचा, वाढदिवस. सगळे जेवायला बसलो. शेवटी बोललोच: आजच्या दिवशीही चटणी नाही, कोशिंबीर नाही, लिंबाची फोड नाही? आणि रेवा कुठे आहे? हाक मारा तिला, पोर उपाशी राहील.
विद्युलता उठली आणि तिनं माझं ताट अर्धं फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली. चटणी आली. कोशिंबीर आली. लिंबू, मीठ, सगळं आलं.
मग डाव्या दंडाला चिमटा बसला. आजोबा, मी केव्हाची इथेच बसलेय, असं रेवा म्हणाली. मान वळवली. होती. तोंडाला श्रीखंड लागलेलं.
भीती वाटली. उद्या ही पोर माझ्या मागे बसणार होती.
स्कूटरची किल्ली विद्युलतेकडे दिली. उद्यापासून शाळेत चालत जायचं. रेवाला मीच सोडणार. सुब्बाची गाडी आली की सांगेन, रेवा म्हणाली.