बटण सोडलं तरी चालणारी मशीन

२४ सप्टें., बुध.
रंधा मशीन पुन्हा बसली. सागवानी दारावर चालू असतानाच घरघर, मग जळका वास. मधूच्या हातात होती. सख्खा धाकटा भाऊ, पण मशीनबद्दल कधी ब्र काढत नाही. दुसऱ्याच्या कारखान्यातून निघून स्वतःचं सुरू केलं तेव्हा पहिली घेतलेली ही. नवी घ्या, असं बायको, सुधा, दरवर्षी म्हणते. मी दरवर्षी दुरुस्त करतो.

२६, शुक्र.
मेकॅनिकने आणून दिली. चालू केली अन् कान टवकारले. आवाज आपल्या मशीनचा नाहीच. खोलायला लावली. आत मोटरचा फिरणारा गाभा, आर्मेचर, कुणाचं तरी जुनं, वरून वॉर्निश फासलेलं. आपलं कुठं? "भैया, वो तो जल गया था." चेहऱ्यावर लाज म्हणून नाही. शिसारी आली. तरी चहा पाजलाच, सवय मेली जात नाही. दारं द्यायची म्हणून मशीन तशीच ठेवून घेतली.

२९, सोम.
सदरच्या बाजारात नवी पाहून आलो. हलकी, प्लास्टिकचीच सगळी. आवाज कानाशी डास आल्यासारखा. पार्ट मिळतील का विचारलं तर पोरगेला दुकानदार हसला. "अंकल, बिगड़े तो नई ले लेना." हा धंदा! बिघडायलाच बनवायचं. चांगलं आर्मेचर बसवून जुनीच चालवायची, असं ठरवूनच परतलो.
गल्लीतच आपली मशीन ऐकू आली. पातं लाकडावरून उचललं, आवाज मोकळा झाला, पण थांबेना. नुसतीच पळून राहिली. धावत आत गेलो. मधू एका हाताने चालू मशीन अंगापासून लांब धरून, दुसऱ्या हाताने प्लग ओढत होता. बटण अडकतं.
कधीपासून?
"पोळ्यापासून."
काहून नाही सांगितलं?
"तुम्ही खंडेनवमीला सगळ्यात पुढं ठेवता न तिला, दादा."
जेवण गेलं नाही. मेकॅनिक, दुकानदार, कुणाचीच इतकी किळस नव्हती आली जितकी आज स्वतःची आली. एवढे तिखट कान, अन् घरातलं ऐकू आलं नाही.

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
हत्यारं पुसली, मांडली, हळदकुंकू. आज कशाला हात लावायचा नाही. मशीन मांडली, पण मागच्या ओळीत. सुधाने पाहिलं.
प्रसाद खाता खाता मधूला विचारलं, हिचं बटण बदलून हीच ठेवायची की नवी आणायची? म्हणे, "तुम्ही म्हणाल तसं." डोकं फिरलं. बोटं याची, अन् म्हणणं माझं!
म्हटलं, "उद्या दसरा. सदरला तू जा. हातात धरून पाह. पटली तर घे, नाही पटली तर हिचं बटण बदलू. मी येत नाही."
"तुमच्याशिवाय?"
"माझ्याशिवाय."
मग त्याने हळूच विचारलं, "दादा, अन् नवी घेतली तर तुम्हाला वाईट नाही न वाटणार?"
खोटं बोलता आलं असतं. वाटीतला प्रसाद संपवत बसलो.